वाढत्या वयाचं ताट

दोन-तीन मुलं असलेल्या घरात जेवणाबद्दल एकाच वेळी दोन उलट्या तक्रारी ऐकू येतात. धाकटं तीन वर्षांचं, ते "काहीच खात नाही." आजी वाटी घेऊन त्याच्यामागे घरभर फिरते, चिऊचा घास होतो, काऊचा घास होतो, शेवटी मोबाइल सुरू होतो आणि वरणभात कसाबसा घशाखाली उतरतो. थोरला सतरा वर्षांचा. तो क्लासवरून येतो, दुपारच्या उरलेल्या पोळ्या भाजीसकट संपवतो, वर दोन केळी खातो आणि तासाभराने पुन्हा फडताळातले डबे उघडून बघतो. त्याला भस्म्या झालाय, असं घरात कौतुकाने आणि थोड्या काळजीने बोललं जातं. दोघांच्या मधली चौदा वर्षांची मुलगी. तिच्या खाण्याबद्दल कुणाचीच तक्रार नसते. ती किती खाते, हे कुणी नीट पाहिलेलंच नसतं.

या तिघांची गरज आकड्यांत मांडली, की एक गोष्ट लख्ख दिसते. आपला आग्रह ज्या वयात सर्वांत मोठा असतो, त्या वयात मुलाला त्याची गरज फार थोडी असते. ज्या वयात शरीर खरोखर अन्न मागतं, त्या वयात एकतर आपण मुलाला हसतो किंवा मुलीकडे लक्षच देत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये भारतीयांच्या पोषणगरजांचे आकडे सुधारून प्रसिद्ध केले. त्यांच्यानुसार १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,०१० कॅलरी लागतात. ४ ते ६ वर्षांच्या मुलाला १,३६० आणि ७ ते ९ वर्षांच्या मुलाला १,७००. इथून पुढे मुलगा आणि मुलगी यांचे आकडे वेगळे होतात. मुलग्याला १० ते १२ या वयात २,२२०, १३ ते १५ मध्ये २,८६० आणि १६ ते १८ मध्ये ३,३२०. मुलीला याच तीन टप्प्यांत २,०६०, २,४०० आणि २,५००. आता मोठ्यांचे आकडे शेजारी ठेवून बघा. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २,११० कॅलरी पुरतात, बैठं काम करणाऱ्या स्त्रीला १,६६०. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या किंवा खणती करणाऱ्या पुरुषाला ३,४७० लागतात.

म्हणजे सतरा वर्षांचा धडधाकट, खेळता मुलगा अंगमेहनतीच्या मजुराएवढं जेवतो आणि त्याला ते लागतंच. ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या वडिलांच्या दीडपट त्याने खाल्लं, तर त्यात नवल करण्यासारखं काही नाही. चौदा वर्षांच्या मुलीची गरज बैठं काम करणाऱ्या आईपेक्षा सातशेहून अधिक कॅलरींनी जास्त आहे. आई घरात आणि बाहेर राबणारी असली, तरी मध्यम कष्टाच्या स्त्रीसाठीचा आकडा २,१३० आहे. मुलीचा त्याच्याही वर जातो. किती घरांत मुलीचं ताट आईच्या ताटापेक्षा भरलेलं असतं?

हे आकडे सरासरी वजनाच्या आणि मध्यम हालचालीच्या मुलांसाठी काढलेले आहेत. दिवसभर बसून असलेल्या मुलाला कमी लागेल, रोज दोन तास कबड्डी खेळणाऱ्याला अधिक. ताटात मोजून वाढण्यासाठी ते नाहीत. कोणत्या वयात गरज कुठे उडी मारते, हे समजून घ्यायला मात्र त्यांच्यासारखी दुसरी मदत नाही.

"वाढीचं वय आहे, खाऊ दे" असं आपण म्हणतो. त्यामागची समजूत अशी, की खाल्लेलं अन्न उंची आणि वजन वाढवण्यात खर्च होतं. प्रत्यक्ष वाढीवर होणारा खर्च आश्चर्य वाटावं इतका थोडा असतो. जोमाने वाढणाऱ्या मुलग्याचं वजन वर्षाला आठ-नऊ किलो वाढतं असं धरू. शरीराचा एक ग्रॅम नवा भाग घडवायला, त्यात साठणारी आणि तो घडवताना खर्ची पडणारी ऊर्जा मिळून, सढळ हाताने पाच कॅलरी धरल्या, तरी वर्षाचे ४०-४५ हजार होतात. रोजचा हिशेब शंभर-सव्वाशेच्या आसपास येतो. तेल लावलेली एक पोळी, बस. बाकीचं सारं अन्न आहे ते शरीर चालवण्यासाठी. पाच वर्षांचं मूल अठरा किलोचं असतं, सतराव्या वर्षी तेच साठ-पासष्ट किलोचं होतं. स्नायू वाढतात, हृदय, यकृत, फुप्फुसं मोठी होतात. एवढं मोठं शरीर रात्रंदिवस चालू ठेवायचं आणि वर मैदानावर पळवायचं, तर इंधन लागणारच.

वाढीवर खरोखर मोठा वाटा खर्च होतो तो जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. तान्ह्या बाळाच्या पोटात जाणाऱ्या ऊर्जेपैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग त्या काळात नव्या पेशी घडवण्यात जातो. बाळाचं जन्माचं वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाच्या आसपास तिप्पट होतं, ते यामुळेच. पहिला वाढदिवस येईपर्यंत वाढीवरचा हा वाटा तीन टक्क्यांवर उतरतो. दुसऱ्या वर्षात मूल जेमतेम दोन-अडीच किलो वजन मिळवतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तर दोनच किलो.

नेमकं इथेच घरात घबराट सुरू होते. वर्षभर दुधावर, मऊ भातावर तुटून पडणारं बाळ दीड-दोन वर्षांचं झालं, की तोंड फिरवायला लागतं. आईला वाटतं, काहीतरी बिनसलं. बहुतेक वेळा काहीही बिनसलेलं नसतं. वाढीचा वेग मंदावला, त्याबरोबर भूकही उतरली. शिवाय वाढ रोज सारखी होत नाही. मिशेल लॅम्पल या मानवशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ बाळांची लांबी वारंवार, काहींची तर रोज मोजली आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाळं दिवसचे दिवस अजिबात वाढत नव्हती. कधी दोन दिवस, कधी दोन महिने लांबी आहे तिथेच. मग एकदम अर्धा ते अडीच सेंटिमीटरची उडी. "परवापर्यंत बसत होतं, आज अंगडं तोकडं झालं" ही घराघरातली गोष्ट मोजपट्टीवरही खरी ठरली.

लहान मुलाच्या शरीरात ऊर्जेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे मेंदू. क्रिस्तोफर कुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार पाच वर्षांच्या आसपास मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी ४० टक्क्यांहून अधिक ऊर्जा वापरतो. याच वयात अंगाची वाढ सर्वांत मंद असते. मेंदू आपला वाटा आधी उचलतो आणि अंग थांबून राहतं, असं त्यांचं म्हणणं आहे. तेव्हा बालवाडीतलं मूल काटकुळं दिसतं म्हणून त्याचं सगळं खाणं वाया चाललंय, "अंगाला लागत नाही", असं समजण्याचं कारण नाही. ते भाषा शिकतंय, माणसं ओळखतंय, दिवसाला शेकडो प्रश्न विचारतंय. अन्न तिकडे लागतंय.

तीन वर्षांच्या मुलाच्या हजार कॅलरी म्हणजे प्रत्यक्ष किती अन्न? दोन लहान पोळ्या, मूठभर तांदळाचा भात, छोटी वाटीभर वरण, थोडी भाजी, दीड पेला दूध, एक केळं, एक अंडं, थोडीशी दाण्याची चटणी आणि सगळं मिळून तीन-चार चमचे तूप-तेल. हे दिवसभराचं झालं. पाच वेळांत वाटलं, की एका वेळी अर्धी-पाऊण पोळी आणि दोन-चार घास भात एवढंच येतं. मोठ्या माणसाच्या डोळ्यांना ते उष्टावल्यासारखं दिसतं. ते त्याचं पोटभर जेवण असतं.

हे मूल एका जेवणाला भरपूर खातं आणि पुढच्याला हातही लावत नाही. लीअन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचं सहा दिवसांचं सगळं खाणं मोजलं आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. एकेका जेवणातल्या कॅलरी सरासरी एक तृतीयांशाने खाली-वर होत होत्या. पूर्ण दिवसाची बेरीज मात्र दहा टक्क्यांच्या आसपासच हलत होती. सकाळी कमी खाल्लेलं दुपारी भरून निघत होतं, आणि हा हिशेब कुणी मोठं माणूस ठेवत नव्हतं.

मुलाची भूक इतकी शहाणी असते का, हे तपासणारा सर्वांत धाडसी प्रयोग याच्याही खूप आधी झाला. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२६ मध्ये क्लीव्हलँड इथे तो सुरू केला आणि पुढे शिकागोत वर्षानुवर्षं चालवला. अंगावरचं दूध नुकतंच सुटलेली, सहा ते अकरा महिन्यांची १५ बाळं. त्यांच्यासाठी ३४ पदार्थांची यादी. फळं, भाज्या, गहू, ओट, मका, दूध, अंडी, मांस, मासे, काळीज, हाडातला मगज, आणि वेगळ्या वाटीत मीठ. सगळं साधं, एकेक पदार्थ वेगळा, साखर किंवा मैद्याचा एकही पदार्थ नाही. जेवणाच्या वेळी यातले काही पदार्थ बाळापुढे ठेवायचे आणि परिचारिकेने चमचा हातात घेऊन गप्प बसायचं. बाळाने एखाद्या वाटीकडे हात केला, तरच तो चमचा भरून तोंडाशी न्यायचा. "हे खा" म्हणायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, नाराजीही दाखवायची नाही.

बाळांनी जेवणं केली ती आहारशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात बसणारी नव्हती. न्याहारीला अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि काळीज, रात्री अंडी, केळी आणि दूध. दोन मुलांचा आहार एकमेकांसारखा नव्हता आणि एकाच मुलाचा आज-उद्या सारखा नव्हता. तरीही सगळी मुलं चांगली वाढली. काही मुलं आली तेव्हा मुडदुसाने आजारी होती. त्यातल्या एका बाळापुढे माशाच्या यकृताचं तेल रोज ठेवलं जाई. त्या बाळाने हाडं बरी होईपर्यंत ते आपणहून प्यायलं आणि बरं झाल्यावर सोडून दिलं.

या प्रयोगाचा दाखला "मुलांना हवं ते खाऊ द्या" या म्हणण्यासाठी फार सैलपणे दिला जातो. डेव्हिसबाईंनी स्वतः १९३९ च्या लेखात खरी मेख सांगून ठेवली आहे. युक्ती पदार्थांच्या यादीत होती. ३४ पदार्थांपैकी काहीही निवडलं, तरी वाईट निवड शक्यच नव्हती. प्रक्रिया केलेले पदार्थ ठेवून दुसरा प्रयोग करायची त्यांची इच्छा होती, पण त्या काळच्या आर्थिक मंदीत पैसे उभे राहिले नाहीत. म्हणजे किती खायचं हे मुलाच्या भुकेवर सोडता येतं. घरात काय आणायचं, ताटात काय ठेवायचं आणि किती वाजता, हे मात्र मोठ्यांचंच काम. बिस्किटांचे पुडे आणि वेफर्स हाताशी ठेवायचे, आणि मग मूल पोळी खात नाही म्हणून भुकेला बोल लावायचा, हा मुलावर अन्याय आहे.

आग्रहाने काय होतं तेही तपासलं गेलं आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बालवाडीतल्या मुलांना दोन प्रकारची सुपं दिली. एकाच्या वेळी "संपव" असा लकडा लावला, दुसऱ्याच्या वेळी काही बोलले नाहीत. ज्याचा लकडा लावला, ते सूप मुलं कमी प्यायली आणि वाईटही त्याच सुपाबद्दल बोलली. दुसऱ्या एका अभ्यासात, २००० साली, मुलांच्या ताटात कमी-जास्त वाढून पाहिलं. तीन वर्षांची मुलं, कितीही वाढलं तरी, सारखंच खात होती. पाच वर्षांची मुलं जास्त वाढलं की जास्त खात होती. मधल्या दोन वर्षांत मूल पोटाकडे बघायचं सोडून ताटाकडे बघायला शिकतं. ताट स्वच्छ केल्याशिवाय उठायचं नाही ही शिस्त चांगली आहे, पण ती पाळायची तर आधी थोडं वाढायला हवं आणि मागितल्यावर पुन्हा वाढायला हवं. मोठ्यांच्या अंदाजाने ताट भरायचं आणि ते संपवण्याची सक्ती मुलावर, ही शिस्त नव्हे.

भूक मारणारी आणखी एक गोष्ट आपल्या घरांत फार आहे, ती म्हणजे दूध. "जेवत नाही, निदान दूध तरी पोटात जाऊ दे" म्हणून दोन वर्षांच्या मुलाला दिवसभर बाटल्या दिल्या जातात. अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं, की या वयाच्या पोटात जेवणाला जागा उरत नाही. दुधात लोह जवळजवळ नसतं. मूल गुटगुटीत दिसतं आणि रक्त कमी असतं. रक्त कमी असलं की भूक आणखी मंदावते.

गुटगुटीतपणाचं आपलं वेड पुण्याच्या संशोधनासमोर टिकत नाही. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. अशा बाळाचं वजन पुढे नुसतं चरबीने वाढवलं, तर मोठेपणी मधुमेहाची वाट सोपी होते. म्हणून वजनाच्या जोडीने उंची बघायला हवी. २०१५ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वाढीचे तक्ते काढले. पुण्याचे डॉ. वामन खादिलकर यांचा त्यात मोठा वाटा होता. वर्षातून दोनदा उंची आणि वजन मोजून या तक्त्यावर ठिपका द्यावा. ठिपके जोडणारी रेघ तक्त्यातल्या रेघांना समांतर चालली असेल, तर मूल पुरेसं जेवतंय, मग ताटात काहीही उरो. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, तर आग्रह वाढवण्याऐवजी डॉक्टरांकडे जावं.

भुकेवर विश्वास ठेवा, हे सांगताना महाराष्ट्रातली अर्धी हकिगत विसरून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. या घरांत प्रश्न वेगळा आहे. मूल मागेल तेवढं खातं, पण खातं ते पाणीदार असतं. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव किलो मावतं. पातळ पेजेने ते भरलं, तर शंभर कॅलरीही मिळत नाहीत आणि बाळ तोंड फिरवतं. पेज घट्ट करावी, तर गिळवत नाही. यावर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात काम केलं. धान्याला मोड आणून, वाळवून दळलं, की त्यात पिष्ट फोडणारं द्रव्य तयार झालेलं असतं. घट्ट शिजवलेल्या लापशीत असं पीठ चमचाभर घातलं, की ती सैल होते. पाणी न वाढवता सैल, म्हणून त्याच वाटीत कितीतरी जास्त पीठ मावतं. आपल्या आज्यांचं मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व याच तत्त्वावर चालतं. त्यात अर्धा चमचा तूप आणि थोडा गूळ घातला, की लहान पोटाला दुसरं काही शोधायची गरज नाही. बाजारातल्या महागड्या डब्यांपेक्षा ते मला शतपटीने मोलाचं वाटतं.

आता थोरल्याकडे वळू. उंचीची मोठी झेप मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षी आणि मुलग्यांमध्ये चौदाव्या वर्षी सर्वांत वेगात असते. मुली त्या काळात वर्षाला आठ सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, मुलगे नऊ-दहा. मोठेपणीच्या वजनातलं जवळजवळ निम्मं वजन याच काही वर्षांत चढतं. भूक एकाएकी उसळते ती इथे.

सतरा वर्षांच्या मुलग्याचा सव्वातीन हजार कॅलरींचा दिवस शिधा म्हणून मांडला, तर असा होतो. कणीक किंवा भाकरीचं पीठ ३०० ग्रॅम, तांदूळ १५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ९० ग्रॅम, दूध अर्धा लिटर, शेंगदाणे ४० ग्रॅम, भाज्या बटाट्यासह अर्धा किलो, दोन केळी, गूळ-साखर २५ ग्रॅम आणि तेल-तूप ४५ ग्रॅम. घरात मांसाहार असेल तर डाळ-दाण्यांचा काही भाग अंडी-मासळीकडे जाईल. नुसतं धान्यच दिवसाला ४५० ग्रॅम झालं, महिन्याला साडेतेरा किलो. दोन मुलगे या वयाचे असले, की महिनाअखेरीस पिठाचा डबा का वाजतो, ते यावरून कळावं.

एवढं अन्न दोन जेवणांत बसत नाही. म्हणून या वयात संध्याकाळची भूक फार महत्त्वाची. शाळा सुटते, क्लास सुरू व्हायचा असतो, रात्रीचं जेवण नऊला. मधल्या चार तासांत पोटात जातं ते कोपऱ्यावरच्या गाडीवरचं किंवा पुड्यातलं. घरात या वेळेला भरीव काही तयार ठेवणं हे आईवडिलांच्या हातातलं सर्वांत उपयोगी काम आहे. दडपे पोहे, थालीपीठ, मटकीची उसळ, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे, सकाळची भाकरी दह्याबरोबर. यातलं काहीही चालेल. मुलगा चार भाकऱ्या खातो म्हणून त्याला चिडवू नये. उंची वाढतेय, तो खेळतोय, तक्त्यावरची रेघ समांतर आहे, तर त्या चारही भाकऱ्या जागच्या जागी जात आहेत.

चौदा वर्षांच्या मुलीचं काय होतं? तिची झेप आधी आलेली असते. दहा ते बारा या वयात पोषण संस्थेने धरलेलं मुलीचं वजन मुलग्यापेक्षा जास्त आहे, ३६.४ किलो, मुलग्याचं ३४.९. पाळी सुरू झाली, की दर महिन्याला लोह जातं. १३ ते १५ या वयात मुलग्याला रोज २२ मिलिग्रॅम लोह लागतं, तर मुलीला ३०. हजार मिलिग्रॅम कॅल्शिअम दोघांनाही लागतं. म्हणजे घरातल्या सगळ्या ताटांत, अन्नाच्या दर्जाच्या दृष्टीने, तिचं ताट सर्वांत भरीव असायला हवं. प्रत्यक्षात ती आईला मदत करते, भावाला आणि बाबांना वाढते आणि आईबरोबर मागून बसते. भाजी तळाशी आलेली असते, दूध भावाच्या पेल्यात गेलेलं असतं. वजन वाढायला लागलं म्हणून तिला कुणीतरी टोकलेलंही असतं, आणि त्या वयातलं वजन वाढणं हा तिच्या शरीराचा हक्क आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. त्यातून सकाळची न्याहारी सुटते. चतुर्थी, सोमवार असे उपवास सुरू होतात आणि साबुदाण्यावर दिवस जातो, ज्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नाही.

याचा हिशेब रक्तात उतरतो. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या मुलग्यांपैकी ३१ टक्क्यांना. यामागे पाळीतून जाणारं लोह आहे आणि ताटही आहे. यातल्या पुष्कळ मुली काही वर्षांत आया होतात. २.७ किलोच्या बाळांची गोष्ट तिथून सुरू होते.

गरीब घरात तर हा प्रश्न घराच्या आवाक्याबाहेर जातो. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून मोफत. त्याचा आधार फार मोठा आहे. पण पाच किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम, पावणेसहाशे कॅलरींच्या जवळपास. ते दोन वर्षांच्या बाळालाही तेवढंच आणि सोळा वर्षांच्या मुलालाही तेवढंच. घरात लहान मुलं असतात तोवर निभतं. तीच मुलं मोठी होतात, तेव्हा धान्याची गरज जवळजवळ तिपटीवर जाते आणि रेशनचा आकडा जागचा हलत नाही.

शाळेतल्या जेवणाचंही तसंच. पंतप्रधान पोषणशक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं देणारं जेवण ठरलेलं आहे. खिचडी असो, वरणभात असो किंवा उसळभात, दिवसातलं एक भरवशाचं जेवण त्याने लाखो मुलांना दिलं. आठवी संपली, की ते बंद होतं. मूल तेव्हा तेरा-चौदा वर्षांचं असतं. मुलग्याची गरज २,२२० वरून २,८६० वर आणि मुलीची २,०६० वरून २,४०० वर चढलेली असते आणि नेमक्या त्याच वर्षी शाळेतलं ताट काढून घेतलं जातं. तामिळनाडूने शाळेतलं जेवण १९८४ मध्येच १५ वर्षांपर्यंतच्या मुलांपर्यंत नेलं होतं. महाराष्ट्राने ते निदान दहावीपर्यंत न्यायला हवं, आणि ही मागणी पालकसभेत, ग्रामसभेत, आमदारांपुढे आईवडिलांनीच लावून धरायला हवी.